पाण्यावर कापलेले तीस शंख

सतरा नंबरच्या पेंडंटच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्यांमधल्या भिंतीवर, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढी पांढरी भुकटी होती. पांढरी म्हणजे अगदी पांढरी नव्हे, कडेला फिकट पिवळी. भिंगाखाली धरल्यावर तिच्यात बारीक सुया दिसत होत्या. मी ती कागदावर झटकली, वर पाण्याचा एक थेंब सोडला आणि निळा लिटमस टेकवला. कागद लाल झाला. वासही आला, काडी पेटवून लगेच विझवल्यावर येतो तसा.

मी तो कागद वहीत ठेवला आणि अठरा नंबर हातात घेतलं. मग एकोणीस. अशी साठही तपासली. एक्केचाळिसांवर भुकटी होती.

तो शनिवार होता. दुकानवाल्या बाई बुधवारी माल न्यायला येणार होत्या.

साठ पेंडंट म्हणजे खरं तर तीसच जीव. अमोनाइट नावाचे हे शंखासारखे प्राणी समुद्रतळाच्या चिखलात गाडले गेले आणि त्यांच्या कवचाची जागा हळूहळू पायराइटने घेतली. पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक, दिसायला सोन्यासारखं. असा शंख मधोमध कापला की आतले कप्पे उघडे पडतात, पिवळेधमक, एकाला एक लागून, बाहेरून आत लहान लहान होत गेलेले. कापायचं काम माझं. चांदीचं कोंदण करून त्यात दगड बसवायचा तो माझ्या मोठ्या भावाने. ऑर्डर घेणं, डब्या, लेबलं आणि बोलणं वहिनीकडे. बोलण्याचं खातं तर संपूर्ण वहिनीकडे.

तळमजल्यावर कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काचेचं कपाट आणि गिऱ्हाइकासाठी दोन खुर्च्या, मागच्या खोलीत दादाचं टेबल आणि माझी करवत. करवतीच्या बरोबर वर वहिनीचं स्वयंपाकघर.

सगळं तिथून सुरू झालं. पायराइट कापताना पातं गार ठेवायला तेल वापरावं, पाणी शक्यतो नको, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भूशास्त्रात एमएस्सी केलंय, चार वर्षं सिमेंट कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. पण तेलाची वाफ वर जायची.

"प्रोफेसरबाई, आज चहात तुमचं तेल आलंय. उद्या डाळीत सोडा, फोडणीचा खर्च वाचेल," वहिनी जिन्यावरून म्हणायच्या.

कधी पडद्यांना वास, कधी धुतलेल्या कपड्यांना, कधी त्यांचं डोकं दुखायचं. सहा महिने मी ऐकलं. खिडकीला पंखा लावून बघितला, तर म्हणाल्या, आता वास आणि आवाज दोन्ही. मग एका सोमवारी मी करवतीतलं तेल उपसलं, टाकी पुसली आणि पाणी भरलं. कुणाला काही बोलले नाही. न भांडता हरले आणि त्याला समजूतदारपणा असं नाव दिलं. ते तीस शंख मी त्या पाण्यावर कापले.

तरीही ते वाचले असते. पाण्यावर कापलेला पायराइट आधी स्पिरिटने धुवावा, मग ओलावा शोषणारं सिलिका जेल घालून बंद डब्यात निदान तीन आठवडे वाळवावा. मी डबा भरला, वर चिठ्ठी चिकटवली: 'बावीस तारखेपर्यंत उघडू नये.' चौथ्या दिवशी दादाने तो उघडला. ऑर्डर पुढे सरकवायची होती. त्याने चांदीत बसवून वर लॅकरचा पारदर्शक थर मारला, म्हणजे आतला ओलावा आतच कोंडला. मला कळलं तेव्हा निम्मी कोंदणं झाली होती. मी म्हटलं, "अरे, चिठ्ठी होती." तो म्हणाला, "तुझ्या चिठ्ठ्या वाचत बसलो तर मला चष्मा बदलावा लागेल."

मी गप्प बसले.

गप्प बसण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं होतं की यांच्यातून वेगळं व्हायचं. एक छोटी खोली भाड्याने घ्यायची, एकच करवत, आपल्या पद्धतीने काम. इतकंच सांगायचं होतं. पहिल्यांदा सांगायला गेले त्या दिवशी दादाला ताप होता. दुसऱ्यांदा वहिनीच्या आईचं ऑपरेशन निघालं. तिसऱ्यांदा घरात सगळे धडधाकट होते, म्हणून मला वाटलं, कशाला यांचा चांगला दिवस बिघडवा. कारण नेहमीच सभ्य असायचं.

शनिवारीही मी लगेच बोलले नाही. पुरावा हवा, असं स्वतःला सांगितलं. एक पांढरा सुती रुमाल ओला केला, पिळला, त्यावर सतरा नंबर पालथं ठेवलं आणि माझ्या कपाटात बंद केलं. मंगळवारी दुपारी बाहेर काढलं. रुमालावर तांबूस कडा पडली होती आणि तिच्या आत बोट लावलं तर कापड फाटलं.

मी तो रुमाल दादाच्या टेबलावर ठेवला. वहिनी शेजारी स्टुलावर बसून डब्यांना रिबिनी बांधत होत्या.

"हे काय?" दादाने पकड खाली ठेवली नाही.

"तीन दिवस ओल्या कापडावर ठेवलं होतं. घामाने गळ्यावर हेच होईल. दगडातून आम्ल सुटतंय. कोंदण काळं पडेल, आणि दगड वर्षभरात चुरा होऊन पडेल."

"एका शितावरून भाताची परीक्षा?"

"एक नाही. साठ तपासले. एक्केचाळीस खराब आहेत. उरलेले एकोणीस होतील."

वहिनींनी रुमाल उचलला. उजेडाकडे धरला. भोकातून माझ्याकडे बघितलं.

"हा माझा रुमाल आहे."

"हो. चुकून घेतला. नवा आणून देईन."

"बघितलंत?" त्या दादाला म्हणाल्या. "घरात एवढ्या चिंध्या पडल्यात, पण प्रयोगाला यांना माझाच रुमाल सापडला."

"वहिनी, रुमालाचं सोडा."

"का सोडू? आज रुमाल, उद्या संसार. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! शिकलेली नणंद म्हणून मी चार लोकांत मिरवते, आणि ही ऐन वेळी सांगणार, दगड आजारी आहेत."

"आजारीच आहेत. त्याला पायराइटचा रोगच म्हणतात."

"मग डॉक्टरला दाखवा."

दादा हसला. ते दोघं माझ्यावर हसतात तेव्हा त्यांचं एकमेकांशी फार छान जमतं. त्याने एक पेंडंट घेतलं, कापसाने मागची भुकटी पुसली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरलं. "गेली?"

"पुसली की जाते. चार दिवसांनी परत येते."

"चार दिवसांनी ती बाईंच्या काचेच्या कपाटात असेल. लॅकरचा आणखी एक हात देतो."

"दादा, लॅकरखाली ती वाढते. तू वरून झाकण लावतोयस."

"जगात सगळी झाकणंच आहेत. चांदीला झाकण, माणसाला झाकण." त्याने भिंग डोळ्यावर ओढलं. "आणि तुला हे शनिवारी कळलं होतं ना? मग तीन दिवस तोंडाला काय कुलूप घातलं होतंस?"

हा प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "खात्री करत होते."

"खात्री!" वहिनी म्हणाल्या. "घर जळताना ही थर्मामीटर शोधेल."

मी म्हटलं, माल देऊ नका, महिनाभराची मुदत मागा, मी दुसरे तीस कापते. दादा म्हणाला, मुदत मागायला तू जाणार आहेस का? बाईंसमोर तुझ्या तोंडून 'नमस्कार'सुद्धा निघत नाही. तेही खरं होतं. मग मी शेवटचं हाताशी होतं ते काढलं.

"मी कार्डांवर सही करणार नाही."

आमच्या प्रत्येक दागिन्याबरोबर एक लहान कार्ड जातं. त्यावर दगडाचं नाव, वय, तो कशाचा बनला आहे आणि कसा जपायचा, एवढं असतं, आणि खाली माझी सही. दुकानवाल्या बाई आमच्याकडे येतात त्या या कार्डासाठी. चांदी कुणीही घडवतं, असं त्या माझ्या भावाच्या तोंडावर म्हणाल्या होत्या. त्याने ते अजून गिळलेलं नाही.

मला वाटलं होतं, हे ऐकून दोघं थांबतील. वहिनी उठल्या, कपाटातून एक गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे टेबलावर पत्त्यांसारखा पसरला. साठ कार्डं. छापील. प्रत्येकाखाली निळ्या शाईत माझी सही.

"ही मी केलेली नाही."

"छापलीय. मागच्या कार्डावरची सही फोटो काढून छापायला दिली. तुमचाच वेळ वाचावा म्हणून."

"मला विचारलं नाहीत."

"सहीत विचारायचं काय? सही तुमचीच आहे. मी का माझी ठोकलीय?"

मी एक कार्ड वाचलं. 'पायराइट अमोनाइट. वय अंदाजे अठरा कोटी वर्षे.' हे माझंच वाक्य. त्याखाली, 'कसा जपावा' या जागी, जिथे मी नेहमी 'पाण्यापासून दूर ठेवा' असं लिहिते, तिथे छापलं होतं: 'अठरा कोटी वर्षे टिकला, आयुष्यभर टिकेल.'

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. वाचायला बरं वाटतं. तुमचं वाचलं की औषधाच्या बाटलीची आठवण येते."

मी दादाकडे बघितलं. तो कोंदणाची कड घासत होता. त्याला हे ठाऊक होतं. त्याच्या कानांवरून कळत होतं. लहानपणी खोटं पकडलं गेलं की त्याचे कान लाल व्हायचे, आणि त्यात अजून फरक पडलेला नाही.

"दादा?"

"आता छापून झालंय," तो म्हणाला. "उगाच काथ्याकूट नको."

संध्याकाळी जेवताना वहिनींनी मला भाजी वाढली आणि म्हणाल्या, "खा, रागावून दगड बरे होत नाहीत." दादाने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. दोघंही प्रेमाने वागत होते. मला वाटलं, ताट उचलून बेसिनमध्ये टाकावं. मी सगळं जेवले.

बुधवारी सकाळी अकरा वाजता बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, पायात सपाट बूट, आवाज बँकेच्या काउंटरवरचा. साठ पेंडंट काळ्या मखमलीवर मांडली होती. लॅकरचा दुसरा हात रात्रीतून वाळला होता आणि माल झगझगत होता. दादाने दाढी केली होती. वहिनी तर गुलकंद झाल्या होत्या.

"बघा ना, ताईंनी एकेक कप्पा कसा मोकळा केलाय," त्या म्हणाल्या. गिऱ्हाइकासमोर मी ताई असते. "आमच्या ताई म्हणजे दगडाची नाडी बघतात."

बाईंनी भिंग मागितलं. चार-पाच पेंडंट पुढून बघितली. मागून बघितली नाहीत. मी दाराच्या चौकटीला टेकून मोजत होते: चार, नऊ, सव्वीस. सव्वीस तर सगळ्यांत वाईट होतं.

"हे मी माझ्यासाठी ठेवते," बाई म्हणाल्या. नेमकं सव्वीस. त्यांनी गळ्यातली साखळी काढली, पेंडंट ओवलं आणि परत घातली. मग आरसा न मागता माझ्याकडे वळल्या. "रोज घातलं तर चालेल? मी साखळी कधी काढत नाही. पोहायला जाते, तेव्हासुद्धा."

"बिनधास्त घाला!" वहिनी म्हणाल्या. "अठरा कोटी वर्षं समुद्रात होतं ते, त्याला तुमच्या तलावाचं काय?"

"मी यांना विचारतेय," बाई म्हणाल्या. "कार्डावर यांची सही आहे."

दादा माझ्याकडे बघत होता. डोळ्यांनी काहीतरी सांगत होता, आणि ते धमकी आहे की विनंती हे मला आजही ठरवता येत नाही. पेंडंट बाईंच्या गळ्याच्या खळग्यात बसलं होतं, जिथे घाम सगळ्यांत आधी येतो.

"काढा ते," मी म्हटलं.

"काय?"

"गळ्यातून काढा. त्यातून आम्ल सुटतंय. मागे बघा, अंगठ्याने लॅकर खरवडा."

बाईंनी काढलं, नख लावलं. पापुद्रा निघाला आणि त्यांच्या बोटावर पांढरं आलं. त्यांनी ते हुंगलं.

"सगळी अशी आहेत?"

"सगळी. मी पाण्यावर कापली, तेलावर कापायला हवी होती. वाळायच्या आधी बसवली गेली. कार्डावरची सही छापलेली आहे, आणि शेवटचं वाक्य माझं नाही."

"ताईंची तब्येत दोन दिवस बरी नाहीये," वहिनी हसत म्हणाल्या. हसू ओठांवरच थांबलं होतं.

बाईंनी पेंडंट मखमलीवर ठेवलं आणि बोट आमच्याच पडद्याला पुसलं. "तीन माणसं एका घरात," त्या म्हणाल्या, "आणि मला बोलावून आधी माझ्या गळ्यात बांधता, मग काढा म्हणता. तुम्ही पण," हे मला, "फोन करता येत होता." त्या गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही. हळूच लावलं.

त्यानंतर जे झालं त्यात आवाज फार होता. वहिनी म्हणाल्या, मी अस्तनीतला निखारा आहे, मला त्यांचं चांगलं बघवत नाही, लोकांसमोर त्यांचं नाक कापायला मी मुहूर्त शोधत होते. मी म्हटलं, मंगळवारी घरातच सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही रुमाल धरून बसलात. दादाने मखमलीचा ट्रे उचलून टेबलावर आदळला. दोन कोंदणांतून दगड निसटले आणि एक जमिनीवर पडून फुटला. आतून करडा भुगा निघाला.

"पाण्यावर कुणी कापलं?" दादा ओरडला. "सांग! तिच्यासमोर मोठ्या तोंडाने सांगितलंस, आता मला सांग. पाणी कुणी भरलं टाकीत?"

"मी."

"का?"

"वहिनींना वास येत होता."

"म्हणजे आता माझ्यावर!" वहिनींनी कपाळावर हात मारला. "मी म्हटलं होतं पाणी भरा? माझ्या बापाला तरी माहीत आहे का तुमच्या टाकीत काय असतं? मला वास येतो म्हणाले. तुम्ही म्हणायचं होतं, येऊ दे! नाक दाबा आणि बसा! ते म्हणायची हिंमत झाली नाही, आणि आज परक्या बाईसमोर झाली?"

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं अचूक कुणी बोललं नव्हतं. त्याबद्दल त्यांचा जास्तच राग आला.

"खरं आहे," मी म्हटलं. "मी म्हणायला हवं होतं."

या उत्तराने दोघांची पंचाईत झाली. भांडायला समोर कुणी उरलं नाही. दादा खाली वाकून फुटलेला शंख गोळा करायला लागला, भुगा वेगळा, चांदी वेगळी. वहिनी स्टुलावर बसल्या.

मग दादा उठला. हात झटकले. माझ्याकडे न बघता करवतीजवळ गेला, टाकीचा नळ सोडला आणि खाली बादली लावली. पाणी गढूळ होतं, दगडाच्या पिठाने काळपट.

"उद्यापासून तेलावर काप," तो म्हणाला. "झालं? चिठ्ठीवरची तारीख येईपर्यंत डबा उघडणार नाही. बाईंना मी फोन करतो, पाय धरतो, काय करायचं ते करतो."

"आणि मी वरची खिडकी बंद ठेवीन," वहिनी म्हणाल्या. आवाज अजून कडूच होता, पण म्हणाल्या. "डोकं दुखलं तर दुखलं. कार्डंही तुमची तुम्ही लिहा, हाताने, मरेपर्यंत लिहीत बसा. मी एक शब्द घालणार नाही."

मला जे जे हवं होतं ते सगळं त्यांनी दिलं होतं. तेल, वेळ, सही. दोन वर्षांपूर्वी यातलं एक जरी मिळालं असतं तरी मी आनंदाने राहिले असते. पाणी बादलीत पडत होतं आणि माझ्या डोक्यात ओळखीची सभ्य कारणं रांगेत उभी राहत होती: आजच एवढं नुकसान झालंय, आजच तो नमलाय, आजच्या दिवशी नको, पुढच्या महिन्यात बघू. दादा माझ्या होकाराची वाट बघत होता. त्याच्या मते फक्त मान हलवायचा प्रश्न होता, आणि मान तर मी नेहमीच हलवत आले होते.

बादली भरली. त्याने नळ बंद केला.

"काय?" तो म्हणाला. "आता तरी बोल."

"दादा, मी वेगळी होतेय," मी म्हटलं. "या महिन्याअखेर."